दांड्यावरची वेल

मित्रांनो, मी शर्यतीच्या एका जुन्या सायकलचा क्रँक आहे, म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल बसवतात तो दांडा. खरं तर आता अर्धाच. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, हे सांगताना आजही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी साधा, गुळगुळीत होतो. एका नक्षीकारांनी लेकीच्या सायकलसाठी मला विकत घेतलं. चषकांवर नावं कोरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. लेक पहिली शर्यत जिंकली, तेव्हा त्यांनी माझ्यावर वेल कोरली आणि तिला एक पान काढलं. पुढे दर विजयाला नवं पान. कोरलेल्या रेघांत ते लाल रंग भरत. शर्यतीआधी लोक मला वाकून वाकून बघत. पोटऱ्या दुखायच्या तिच्या आणि भाव खायचो मी.

पानं वाढत वाढत पायडलच्या भोकापाशी आली. सायकली दुरुस्त करणारे काका म्हणाले, "आता पुरे करा. इथे सगळा जोर पडतो."

"एवढंसं पान तर आहे," नक्षीकार हसले आणि त्यांनी कोरणी टेकवली.

त्याच पानाच्या शिरेतून मला तडा गेला. वर लाल रंग असल्याने तो कुणालाच दिसला नाही. पुढच्या शर्यतीत, शेवटच्या चढावर ती उभी राहून जोर लावत होती आणि मी मोडलो. तिचा गुडघा दुखावला तो कायमचाच. शर्यती संपल्या. नक्षीकारांनी कोरणी खाली ठेवली ती ठेवलीच.

मला मात्र चषकांच्या कपाटात जागा मिळाली, मोडकी कड भिंतीकडे करून. पाहुणे म्हणत, "काय नाजूक काम आहे हो!" चहा घेऊन आलेले नक्षीकार खाली बघत राहत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटे.

परवा लेकीने कपाट उघडलं आणि मोडकी कड पुढे येईल असं मला फिरवलं. मग सायकलची घंटी काढून वडिलांसमोर ठेवली.

"बाबा, हिच्यावर काढा एक पान. हिच्यावर कुणाचा भार नसतो."

"आता कसलं पान? शर्यत कुठे आहे?"

"आज कामावर सायकलने जाऊन आले ना."

कितीतरी दिवसांनी त्यांनी कोरणी उचलली. पान वाकडं आलं. तिने ते तसंच राहू दिलं.

मित्रांनो, आम्हाला हौसेने सजवा. पण ज्याच्यावर कुणी भरवशाने उभं राहणार आहे, त्याला साधं राहू द्या आणि मधूनमधून रंगाखाली बघत जा. आता पाहुणे आधी माझी मोडकी कड पाहतात, मग वेल. लाज अजूनही वाटते, पण ती भिंतीकडे तोंड करून सोसावी लागत नाही.