बिल्किसच्या लग्नाचा दुसरा रोल

“रोलच खराब निघाला, एवढंच बोलायचं,” दिनानाथ वकिलांनी अलिबागच्या ग्राहक मंचाच्या पायरीवर पुन्हा एकदा बजावलं. “आता कोण तपासायला बसलंय?”

रोह्याचा फोटोग्राफर रघू ‘व्हय’ म्हणाला. लोकांना ‘हसा’ म्हणून सांगण्यात याची हयात गेली, पण स्वतः हसायची वेळ आली की दाढ दुखत असल्यासारखं तोंड करायचा. आज तर बघायलाच नको.

प्रकरण साधं होतं. बिल्किसच्या लग्नात पहिला रोल संपला तेव्हा पाठवणीची घाई चालली होती. रघूने दुसरा रोल भरला, पण फिल्मचं टोक खाचेत बसलं की नाही ते पाहिलं नाही. फिल्म पुढे सरकलीच नाही आणि हा बहाद्दर सगळी पाठवण नुसता खटके दाबत राहिला. पेणच्या लॅबमधून रोल धुऊन आला तो कोराच.

पहिल्या रोलमध्ये नवरीचे वडील नूरमहंमद कुठेच नव्हते. ते पंगतीत वाढत होते. लग्न उरकून ते कुवेतला कामावर परत गेले, तिथेच हार्ट अटॅकने वारले आणि तिथेच त्यांना दफन केलं. लेकीच्या लग्नातला त्यांचा एकही फोटो घरात नाही, म्हणून बिल्किसचा भाऊ नासिर याने दावा ठोकला. रघू निष्काळजी ठरला तर पुढच्या सिझनला त्याला लग्नाला कोण बोलावणार? नुसत्या पासपोर्ट फोटोंवर दुकान चालत नाही, हे त्याची बायको शकू रोज ऐकवत होती.

नाव पुकारलं. रघू उभा राहिला. समोरच्या बाकावर भावाशेजारी बसलेली बिल्किस एकटक त्याच्याकडे बघत होती. रघूला स्वतःची लाज वाटली. बापाचा फोटो घालवला आणि वर तिच्यादेखत खोटं बोलायचं?

“साहेब, रोल बरा व्हता. माज्या हातून नीट भरला नाय. चूक माजीच हाय.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी लिहून घेतलं आणि निकालाची तारीख दिली. निकाल काय लागणार ते दारातल्या शिपायालाही कळलं होतं.

“स्वतःच्या हातानं दुकान बुडवलंस,” म्हणून वकील तरातरा निघून गेले.

एसटी स्टँडवर रघू रोह्याच्या गाडीची वाट बघत उभा राहिला. नासिर चौकशीच्या खिडकीकडे गेला तशी बिल्किस जवळ आली. रघू मनातून चरकला. आता ही शिव्या घालणार, आणि घातल्या तर ऐकून घ्यायच्या, असं त्याने ठरवलं.

“दादा, अब्बांचा फोटू काढलेलात ना?”

“काढलेला गो. पण...”

“आला नाय, म्हाईत हाय. दिसत कसे व्हते? माजा तोंड ओढणीत, मान खाली. मी त्यांना बघितलाच नाय.”

रघूने आठवून सांगितलं.

“गाडीच्या दाराशी व्हते. तुजी ओढणी दारात अडकंल म्हणून आत सारत व्हते. सारली तरी परत सारत व्हते. मी म्हटलं, चाचा, इकडं बघा. दोनदा म्हटलं. नाय बघितलं त्यांनी.”

“रडत व्हते?”

“नाय. ओठ असे दाबून धरलेले.” रघूने दाबून दाखवले.

गाडी लागली. लोक दाराशी रेटारेटी करू लागले. नासिर हाका मारत होता. बिल्किस तिथेच उभी राहिली.

“अजून सांगा,” ती म्हणाली.