सोमवारचं दूध

सोमवारी परभणीच्या डेअरीनं आमचं दूध पुन्हा परत पाठवलं. नासलेलं. आमच्या ह्यांनी, म्हणजे मल्लिकार्जुनअप्पांनी, सगळा राग कॅन धुणाऱ्या सवितावर काढला.

"उद्यापासून येऊ नको."

पालममधल्या आमच्या दूध संकलन केंद्रावर सविताचं घर चालतं. तिनं हातातला कॅन खाली ठेवला, पदराला हात पुसले. पण ह्यांच्या रागापुढं तोंड उघडायची आमच्या घरात कुणाची टाप नाही.

उघडलं ते आमच्या लेकीनं, शिवानीनं. पुण्यात कंपन्यांचं दुखणं नेमकं कुठं आहे ते शोधायची नोकरी करते, सुट्टीला आली होती.

"अप्पा, सविताताई रोजच कॅन धुत्यात. मग दूध सोमवारीच कामून नासतं?"

"मला काय इचारती?"

तिनं ड्रायव्हर दत्ताला धरलं. दत्ता टेम्पोची काच पुसायला लागला. ही काही पिच्छा सोडेना.

"सोमवारी टेम्पो उशिरा निघायलाय," तो शेवटी म्हणाला. "कॅन उन्हात तापायलेत."

"उशीर कामून?"

"चावी भेटत न्हाई."

टेम्पोची चावी आमच्या देवघरात असते. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाली की अप्पा चावीला विभूती लावून स्वतः दत्ताच्या हातात देतात. आणि सोमवारची पूजा हल्ली ऊन चढलं तरी संपत नाही. मला वाटायचं, वय झालं.

"पूजेला नावं ठेवायलीस?" ते कडाडले.

शिवानी मागं सरली नाही. "पूजा पहिल्यापासून हाय, अप्पा. लांबली कवापासून? अन् कामून?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि माझ्या ध्यानात आलं. माझं ऑपरेशन झालं, तेव्हापासून.

"अहो, रिपोर्ट चांगला आलाय की," मी म्हणाले. "डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं."

"सांगितलं. पण उठायचं भ्या वाटतं. मी जप सोडला अन् तुला काही झालं तर?"

सगळ्या गावावर डाफरणारा माणूस! मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"माझ्यासाठी बसा दिवसभर. पण मपल्या जिवापायी सवितानं कामून उपाशी बसायचं?"

ते उठले. देवघरातून चावी आणून सवितासमोर धरली.

"सकाळी दत्ताला तूच देत जा. मपली वाट बघू नको."

विभूती लावायची राहिली होती. त्यांचा हात मागं वळला, घुटमळला, आणि चावी तशीच सविताच्या हातात गेली. मग त्यांनी सगळ्यांसमोर माझं मनगट घट्ट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.