बस बंद पडली ते गाव

दयानंदने पेढ्यांचा पुडा सरजाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि त्या हात लावीनात म्हणून बोटाने आणखी थोडा सरकवला.

"कामून आनलास?" सरजाबाईंनी तूर निवडता निवडता विचारलं.

"सहज. मावशीकडं मोकळ्या हातानं कसं यावं?"

"मागच्या साली मोकळ्या हातानंच आलतास."

आतल्या खोलीत त्यांची सून दिपाली हसली आणि लगेच खोकली. दयानंदने घाम पुसला. भोकरच्या बसस्थानकासमोर त्याचं यात्रेचं ऑफिस होतं. दरवर्षी कापसाची वेचणी उरकली की तो एक बस भरून माणसं बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनीला न्यायचा आणि येताना आग्र्याचा ताजमहाल दाखवायचा. सरजाबाईंचा जन्म वेचणी-खुरपणीत गेला. मुलाला नोकरी लागली तेव्हा त्याने आधी आईला या यात्रेला धाडलं. ती गोष्ट मागच्या वर्षीची. तेव्हापासून वस्तीतल्या ज्या बाईला जायचं असे ती आधी सरजाबाईंकडे विचारायला येई. पण तिथे आलेली बाई पुढे दयानंदकडे पोचतच नव्हती. ज्यांनी आधी नावं दिली होती, त्याही काढून घेत होत्या.

"मावशी, तुम्ही काय सांगून राहिल्या बायांना?"

"इचारलं ते सांगितलं."

"काय पण?"

"ताजमहाल कसा हाय इचारलं. पांढरा हाय म्हन्लं."

"एवढंच?"

"लाईन लई हाय म्हन्लं. हाय ना?"

दयानंदने दुसरं ठिकाण घेतलं. "आन् कुशीनगर?"

"निजलेली लांबलचक मूर्ती, ती टार्चच्या उजेडात पाह्यली. कुनाला पाय दिसले, कुनाला डोकं. सबंद तथागत कुनालाच न्हाई दिसले."

"त्या दिशी बस बंद पडली होती मावशी. उशीर झाला."

"म्या कुठं तुला बोल लावून राहिले? झालं ते सांगते."

"बरं, बुद्धगयेला तरी तुम्ही रडल्या होत्या. म्या पाह्यलं."

सरजाबाईंचा हात सुपात थांबला. "रडले. त्या झाडाखाली टेकले, डोळे मिटले. वाटलं, बापानं बाबासाहेबांचं ऐकून दीक्षा घेतली, आन् त्याची लेक इथवर आली. एवढं मनात येतंय तोवर तुझी शिट्टी वाजली. चला, चला, बस सुटली. मंग डोळे उघडले."

दयानंदने पेढ्यांचा पुडा थोडा आपल्याकडे ओढला. त्याने विचारलं, "म्हणजे एकबी ठिकान चांगलं न्हाई?"

"हाय की. बस बंद पडली ते गाव."

त्याला वाटलं, मावशी थट्टा करताहेत. पण सरजाबाई सूप बाजूला ठेवून सांगायला बसल्या. सारनाथ सोडल्यावर कुठेतरी बस थांबली. रस्त्याच्या कडेला आंब्याची झाडं होती, खाली क्यानल होता, पलीकडे सरसूचं, म्हणजे मोहरीचं, पिवळं रान. बाया सतरंज्या टाकून बसल्या. तिथली एक म्हातारी घागर भरून पाणी घेऊन आली, ओंजळ ओंजळ मटार देऊन गेली. तिचं बोलणं यांना कळेना, यांचं तिला. तरी हसून हसून पोट दुखलं.

"आन् म्या दुपारची निजले, दयानंदा. रानात, उघड्यावर, भर दुपारी. हातात खुरपं न्हाई, डोक्यावर पाटी न्हाई. कुनी ऊठ म्हन्लं न्हाई. माज्या जल्मात तसं झालं नव्हतं."

दयानंदला ती दुपार निराळी आठवत होती. ड्रायव्हर श्रीमंतवर तो घसा बसेपर्यंत ओरडला होता. कुशीनगरच्या लॉजवाल्याने फोनवर त्याला नको ते ऐकवलं होतं.

"मावशी, ते ठिकान न्हाई. तो बिघाड होता."

"आसंल. तुला कोनतं आवडतं मंग? इतक्या साली जातूस."

"मला? सगळीच."

"एक सांग."

दयानंदने तोंड उघडलं. प्रत्येक गावचं पार्किंग त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. कुठल्या लॉजचा नळ गळतो हेही ठाऊक होतं. पण त्यापुढचं काही आठवेना. फोन वाजला तेव्हा त्याला बरंच वाटलं.

निघताना तो उंबऱ्याशी घुटमळला. "मावशी, यंदा माझ्याकडून चला. खिडकीची सीट देतो. फक्त बायांना जरा चांगलं सांगा."

"खोटं न्हाई सांगनार. तिथं बस थांबवशील तर थांबवनार हाय म्हनून सांगते."

त्याने हो म्हटलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

दोन आठवड्यांत बस भरली. पत्रकावर त्या जागेचं नाव काय छापायचं, हा प्रश्न आला. श्रीमंतला विचारलं तर तो म्हणाला, "नाव कुनाला ठाव? फुडं वीटभट्टी हाय, एवढं ध्यानात हाय." शेवटी सारनाथ आणि कुशीनगरच्या मध्ये 'निसर्गरम्य स्थळदर्शन' असं छापलं गेलं.

यात्रेत सारनाथ सोडल्यावर, वीटभट्टी दिसायच्या अलीकडेच श्रीमंतने बस कडेला घेतली. झाडं होती, क्यानल होता, सरसूही होती. शिवाय एक म्हैसही होती.

"अर्धा तास," दयानंद दारात उभा राहून म्हणाला. "त्याच्या वर न्हाई."

पहिल्यांदाच आलेल्या एका बाईने चारी बाजूंना मान फिरवली. "हितं बघायचं काय?"

"काय न्हाई," सरजाबाई म्हणाल्या. "बैस."

सतरंज्या पसरल्या जात होत्या, तेवढ्यात पलीकडच्या झोपडीतून ती म्हातारी आली. तिने डोळ्यांवर हात धरून बसकडे पाहिलं, मग सरजाबाईंकडे, आणि तिचा चेहरा उजळला. लगेच तो काळजीने भरला.

"फिर बिगड गई का?"

सरजाबाईंना काही कळलं नाही. पण इतक्या मायेने विचारलेल्याला नाही कसं म्हणावं?

"हाव," त्या म्हणाल्या.

म्हातारी लगबगीने परत गेली. थोड्या वेळाने तिचा मुलगा मोटरसायकलवर मागे एका मिस्त्रीला बसवून घेऊन आला. मागच्या वर्षी बस दुरुस्त केली होती तोच हा मिस्त्री. तो कुणाला काही न विचारता बॉनेट उघडून आत वाकला.

"भैया, गाडी ठीक है," श्रीमंत म्हणाला.

मिस्त्रीने त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "अच्छी गाडी यहाँ कौन रोकता है?"

दयानंद धावत येईपर्यंत एक पट्टा आणि चार नटबोल्ट बाहेर येऊन रस्त्यावर मांडले गेले होते. दयानंदने हातवारे केले, पत्रक दाखवलं, त्यावरच्या 'स्थळदर्शन'वर बोट ठेवलं. मिस्त्रीने पत्रक घेतलं, त्याची घडी केली आणि तिच्यावर नटबोल्ट नीट मांडून ठेवले. म्हातारी मटारची टोपली घेऊन आली होती आणि दयानंदच्या दंडाला धरून, बस बाबा, होईल सगळं, असं काहीतरी त्याला समजावत होती. तिला आता खरं सांगायचं तर सगळ्यांचीच पंचाईत होती.

त्याने लॉजवाल्याला फोन लावला. रेंज नव्हती. क्यानलच्या भरावावर चढून पाहिलं, तिथेही नव्हती. तो इकडून तिकडे फिरला, बसभोवती दोन चकरा मारल्या, आणि कुणावर ओरडावं ते न कळून सतरंजीच्या टोकाला येऊन बसला. सरजाबाईंनी सोललेले मटार त्याच्या हातावर ठेवले. ते त्याने खाल्ले. मग आणखी मागितले. मग उगाच, पाठ दुखते म्हणून, तो आडवा झाला.

तो घोरायला लागला तेव्हा एक बाई पदर तोंडाशी धरून हसली. सरजाबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. बाया हळू आवाजात बोलू लागल्या. भोकरमधल्या सुनांच्या गोष्टी निघाल्या, म्हातारीनेही आपल्या सुनेची सांगितली असावी, कारण हातवारे तसेच होते.

मिस्त्रीने पट्टा बसवला, बॉनेट लावलं, चहा घेतला आणि मोटरसायकलवर बसून गेला. श्रीमंत हात पुसत स्टेअरिंगपाशी चढला. त्याने हॉर्नवर तळवा ठेवला आणि खिडकीतून सतरंजीकडे पाहिलं. मग तळवा उचलला, खाली उतरला आणि चाकाला टेकून बसला.

दयानंदला जाग आली तेव्हा सावल्या क्यानलच्या पार गेल्या होत्या. त्याच्या अंगावर कुणाचं तरी लुगडं पांघरलेलं होतं. आपण कुठे आहोत हे त्याला पटकन उमगलं नाही, आणि ते समजून घ्यायची घाईही त्याने केली नाही. पाण्याकाठी बगळा उभा होता. तो उडेपर्यंत दयानंद त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवली. बसचं बॉनेट बंद होतं. रस्त्यावर नटबोल्ट नव्हते, मिस्त्रीही नव्हता.

"श्रीमंता," त्याने हाक मारली. "झालं का काम?"

श्रीमंतने बसकडे पाहिलं, मग सरजाबाईंकडे.

"न्हाई मालक. आजून टाईम हाय."

दयानंदने बंद बॉनेटकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"सावकाश होऊ दे," तो म्हणाला, आणि लुगडं खांद्यापर्यंत ओढून घेतलं.