चकचकीत म्हणूनच निकामी

मित्रांनो, मी खुब्यात बसवायचा टायटॅनियमचा दांडा आहे. मला डोकं नाही, तरी ते फिरलेलं आहे. तेव्हा गोड बोलणं जमायचं नाही.

कारखान्यात मला तासून, घासून आरशासारखं केलं. खरं काम त्यापुढेच होतं. बारीक कणांचा मारा करून, मग आम्लात बुडवून माझं अंग खरखरीत करायचं होतं. प्रयोगशाळेतल्या बाईंनी टायटॅनियमच्या चकत्यांवर हाडाच्या पेशी वाढवून पाहिल्या होत्या. गुळगुळीत चकतीवरच्या पेशी जरा पाणी फिरवलं की सुटायच्या. खरखरीत चकतीवरच्या मात्र खाचाखाचांत पाय रोवून नवं हाड रचू लागायच्या.

पण कणांचा मारा करणारं यंत्रच बंद पडलं.

"असाच पाठवा," कारखान्याचे साहेब म्हणाले.

"साहेब, हाड याला धरणार नाही," बाईंनी बजावलं.

"हाडाला काय कळतंय? कसा चमकतोय बघा!"

आणि मी एका बसचालक ताईंच्या मांडीच्या हाडात गेलो. पेशी आल्या, चाचपून गेल्या. माझ्याभोवती हाडाऐवजी मऊ पडदा तयार झाला. ताईंनी पाऊल टाकलं की मी आत हलायचो आणि त्या ओठ चावायच्या. सर्जन म्हणायचे, "फोटो ठीक आहे. तुम्ही फार मनावर घेता." नवराही म्हणू लागला, "जरा सोस की!" ताईंचं बस चालवणं सुटलं, झोप उडाली. मी आत नुसता धुमसत होतो.

शेवटी पाय टेकवेना, तेव्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाली. सर्जननी धरताच मी अलगद हातात आलो. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. माझ्या जागी त्यांनी खरखरीत दांडा बसवला. तो हाडाने घट्ट धरला.

चालता येऊ लागताच ताई सर्जनना घेऊन कारखान्यात गेल्या. मला त्यांनी साहेबांच्या टेबलावर आपटलं.

"चुकून एखादा जातो हो," साहेब पुटपुटले.

"एखादा? असे किती जणांच्या अंगात हलताहेत? त्यांना फोन लावा. तोवर मी इथून उठणार नाही."

साहेबांनी फोनला हात लावला नाही. मग सर्जननीच असाच दांडा बसवलेल्या आपल्या एका रुग्णाला फोन लावला. "आजोबा, पाय कसा आहे?"

पलीकडे आजोबांना रडूच फुटलं. "विचारलंत एकदाचं! दुखतंय हो, फार दुखतंय."

मित्रांनो, एवढंच मागतो. कुणी 'दुखतंय' म्हटलं, तर त्याला सोसायला सांगू नका. आत काय हलतंय, ते बघा.