दुसरी थाप

"हात खिडकीबाहेर काहून ठेवला बे? तो ड्रायव्हरचा मान असते," नयन म्हणाला आणि स्वतःचं कोपर खिडकीबाहेर आणखी चार बोटं सरकवलं.

शामने हात आत घेतला. क्लिनरच्या सीटवरचा त्याचा हा आठवा आणि शेवटचा दिवस होता. या आठ दिवसांत त्याने नयनच्या गाडी चालवण्याचा असा हिशेब ठेवला होता, की आरटीओच्या साहेबालाही तो जमला नसता. सोमवारी फोन कानाला तीनदा. मंगळवारी वळणावर ओव्हरटेक. बुधवारी गेटातून निघताना आरशात पाहिलं खरं, पण ते केस नीट बसलेत का म्हणून. एवढं करूनही या आठ दिवसांत पठ्ठ्याच्या गाडीला ओरखडा नाही. शामला खुपायचं ते हेच.

रामरावभाऊंच्या चार पिकअप लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून सरकीची ढेप गावोगावच्या दुकानांना पोचवत. नवा ड्रायव्हर घेण्याची भाऊंची रीत ठरलेली होती. गाडी चालवून दाखव, असं ते कोणाला म्हणत नसत. आठ दिवस जुन्या ड्रायव्हरशेजारी बसायचं, पोती उतरवायला हात लावायचा, गाडी मागे घेताना खाली उतरून पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे येऊ दे, लागोपाठ दोन म्हणजे थांब. आठव्या दिवशी जुन्या ड्रायव्हरने आपल्या हाताने चावी दिली तर नोकरी, नाही दिली तर रामराम. "मालकासमोर सारेच सरळ चालवतात," भाऊ म्हणायचे. "माणूस बाजूच्या सीटवर समजते."

शामला ही चावी हवी होती आणि दुसरीकडे कुठे ती मिळण्यासारखी नव्हती. लायसन हातात पडल्यावर तिसऱ्याच महिन्यात नेरच्या मार्केटमध्ये त्याने खाली न उतरता, मागे न पाहता गाडी रिव्हर्स घेतली. मागे सावलीत बसलेल्या लखीराम नावाच्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "मीच पाह्यलं नाही साहेब, चूक माहीच." तीन महिने लायसन गेलं, केस लागली. लायसन परत आलं, तरी नाव काही परत आलं नाही. शाळेच्या व्हॅनवाल्याने नाव ऐकूनच हात जोडले. दूधवाला म्हणाला, पोरीच्या लग्नानंतर पाहू; पोरगी तेव्हा सहावीत होती.

आणि नयन? एकाच तांड्यातले दोघं, एकाच क्लासात शिकलेले, एकाच दिवशी लायसन काढलेले. नयनने दोन वर्षांत तीन ठिकाणी गाडी ठोकली होती. पण त्यांतली एकही नयनच्या हातून झाली नव्हती. पहिली ब्रेकच्या हातून झाली, दुसरी म्हशीच्या आणि तिसरी समोरून डोळ्यांवर आलेल्या उन्हाच्या. कागदावर नयन धुतल्या तांदळासारखा. शामची याडी, म्हणजे आई, रोज संध्याकाळी अंगणात म्हणायची, "नयनसारखं डोकं पाहिजे होतं रे तुले." शामला वाटायचं, डोकं नाही याडी, ब्रेक पाहिजे होता.

बरं, नयन वाईट असता तर जळायला सोपं गेलं असतं. पण तो डबा अर्धा काढून द्यायचा. भाऊंकडे शब्दही त्यानेच टाकला होता. अशा माणसावर जळायचं म्हणजे रोज नव्याने कारण शोधावं लागतं, आणि शामला ते रोज सापडत होतं.

नेरला अतुलसेठच्या दुकानासमोर गाडी लागली. सेठने नयनला खुर्ची दिली, चहा दिला, "बसा ड्रायव्हरसाहेब" म्हटलं. शामकडे निरखून पाहत म्हणाला, "तू तोच ना? मार्केटातला?"

"तोच हाय," नयन हसला. "पण आता सुधरला. माह्या हाताखाली हाय ना."

चार लोक हसले. हसण्यासारखं त्यात फार नव्हतं, पण सेठ हसला म्हणून बाकीच्यांनीही हसून घेतलं.

चहा झाल्यावर नयन सीटवर चढला. माल दुकानाच्या मागच्या दाराशी उतरवायचा होता. तिथे नवीन बांधलेला खांब होता, खांबावर टिनाचं छप्पर. शाम मागे गेला.

थाप. येऊ दे. थाप. येऊ दे.

गाडीचा फाळका खांबापासून हातभर राहिला. शामचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. त्याने काही ठरवलं वगैरे नव्हतं. एवढंच मनात आलं, की याच्याही हातून एकदा गाडी लागू दे. कागदावर नको, नुसती लागू दे.

खांबाला तडा गेला, फाळका वाकला आणि छपराचं एक टिन सरळ खाली आलं. त्या जागी सांडलेली ढेप गोळा करत शकुबाई बसत असे. तिचं सूप टिनाखाली होतं. शकुबाई मात्र रांजणापाशी होती, हातात पेला घेऊन.

"पानी प्यायले उठली नसती त?" ती कोणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली. मग पेला पुन्हा भरून प्यायली.

नयन खाली उतरला. आधी खांब पाहिला, मग सूप, मग शाम. दुकानातले सगळे आता ब्रेकचं नाव येण्याची वाट पाहत उभे होते.

"माही चूक," नयन म्हणाला. "खांब रामरावभाऊ बांधून देतील."

परतताना कोपर बाहेर नव्हतं. गाडी गोधणी रोडला लागली.

"दोन थापा मारल्या होत्या ना तू?" नयनने विचारलं.

शामने बाहीवरची ढेप झटकली.

"मारल्याच असशील. मले ऐकू नाही आल्या." त्याने गिअर बदलला. "तसंच सांगतो भाऊले. तुह्या नावावर अजून एक चढली त तुले बैलगाडी नाही देणार कोणी."

शाम समोरच्या काचेतून रस्ता पाहत राहिला. आयुष्यात त्याच्याजवळ एकच गोष्ट अशी होती, जी नयनजवळ नव्हती. चूक माझी, हे तो तोंडाने म्हणाला होता. त्यापायी दीड वर्ष वाया गेलं होतं, पण ते म्हणणं त्याचं स्वतःचं होतं. आज तेही नयनने घेतलं. आणि घेतलं ते खोटं, शामच्याच भल्यासाठी. याचा राग कुणावर काढायचा, ते त्याला समजेना.

लोहाऱ्याला गोदामाच्या दारात रामरावभाऊ खाटेवर बसले होते. नयनने ठरल्याप्रमाणे सांगितलं. थापा बसल्या होत्या, त्यानेच ऐकल्या नाहीत. मग खिशातून चावी काढून शामपुढे धरली. "पोट्टा तयार हाय भाऊ. माह्यापेक्षा जास्त पाह्यते मागं."

भाऊंनी फाळक्यावरून हात फिरवला. "शाम, थापा मारल्या तू?"

हो म्हटलं की चावी. उद्या सकाळपासून कोपर बाहेर.

"नाही भाऊ," शाम म्हणाला.

"दिसलं नाही?"

"दिसून राह्यलं होतं."

"मंग कायले नाही मारल्या?"

"याच्या हातून एकदा लागावी वाटलं मले." शामची नजर जमिनीवर होती. "शकुबाई तिथंच बसते. आज नव्हती."

गोदामात हमाल पोती मोजत होता, तोही थांबला. नयनचा चावीचा हात हळूहळू खाली गेला. तो शामकडे असा पाहत होता, जशी अनोळखी माणसाने त्याला घरातल्या लाडक्या नावाने हाक मारावी.

"माह्यावर जळत होता?" तो एवढंच म्हणाला.

भाऊ खाटेवर परत बसले. "चावी खिशात ठेव, नयन." मग आवाज न चढवता, "शाम, जेवून जाय. भाकर टाकली हाय घरात."

शाम जेवला नाही. बस मिळेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला. नयनची पिकअप दुसऱ्या खेपेला त्याच्यासमोरून गेली. दर वेळी वाजणारा हॉर्न वाजला नाही.

घरी बायकोने, जयाने, तोंड पाहून ओळखलं. "नयनभाऊजीनं काही केलं का?"

तिने वाट आयती करून दिली होती. "नाही," शाम म्हणाला. "नयननं काही नाही केलं. त्यानं चांगलंच केलं." नयनबद्दलचा हा पहिला चांगला शब्द त्याच्या तोंडून निघाला.

पंधरा दिवसांनी तो वणीची बस धरून राजूरला गेला. कोळशाच्या गाड्यांवर ड्रायव्हर घेत होते. ठेकेदाराच्या खोलीत निकिता नावाची मुलगी एकेकाला विचारून फॉर्म भरत होती. दाराबाहेर वीस-बावीस जण उभे होते, त्यांतले निम्मे शामपेक्षा जुने.

"याच्या आधी अपघात?"

"दोन."

तिने त्याचे कागद उलटून पाहिले. "इथं त एकच दिसते."

"दुसऱ्यात स्टिअरिंग माह्या हातात नव्हतं."

"मंग तो तुमचा कसा?"

मागचा माणूस खोकला. शामने सांगायला तोंड उघडलं, पण सांगायला बसावं तर रांग फार मोठी होती.

"लिहा तुम्ही," तो म्हणाला.

निकिताने खांदे उडवले, एकाचे दोन केले आणि फॉर्म त्याच्याकडे फिरवला. शामने खाली वाकून सही केली. कोळशाने काळ्या पडलेल्या टेबलावर मनगट टेकून, सावकाश, बापाच्या नावासकट पूर्ण नाव.