वाढवायचं दुकान

नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत योजना कार्यालयाची मुलगी आली, तेव्हा सूनबाई आतल्या खोलीत केस धूत होती. स्वतःचे नव्हे, टोपाचे. टोपाचे केस धुताना एक पथ्य पाळावं लागतं: सगळी मुळं एका बाजूला, सगळे शेंडे दुसऱ्या बाजूला. चार केस जरी उलटे गेले तरी अख्ख्या झुपक्याचा गुंता होतो, आणि मग त्याच्यापुढे डोकं आपटून उपयोग नसतो. त्यामुळे बाहेर कोण आलंय ते बघायला तिला उठता येईना. कान मात्र मोकळे होते.

बाहेर मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे तिचे सासरे. नाटकांना टोप, दाढ्या, मिशा पुरवायचं हे दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. मास्तरांनी आयुष्यभर टकल्यांना राजे केलं आणि स्वतःच्या टकलावर कधी रुमालसुद्धा टाकला नाही.

"आजोबा, या भागाची सर्जनशील अर्थव्यवस्था वाढवायचं सरकार ठरवतंय," मुलगी म्हणाली. पाठ केलेलं होतं, पण मनापासून पाठ केलेलं.

"सर्जन? म्हणजे ऑपरेशन करणार?"

"नाही नाही! नाटक, कला, हस्तकला, हे सगळं."

"तेच विचारतोय. ऑपरेशन कुणाचं?"

मुलगी हसली. बरी होती बिचारी. ही गल्ली 'कला-गल्ली' होणार, नवे दरवाजे बसणार, लोक लांबून बघायला येणार, असं ती सांगत राहिली. मास्तर "हं, हं" करत राहिले. मग तिने विचारलं, "तुम्हाला दुकान वाढवायचंय का?"

"वाढवायचंच आहे," मास्तर म्हणाले. "ठरलंय माझं. हा हंगाम उरकला की वाढवणार."

"वा! असं ठाम उत्तर गल्लीत कुणीच दिलं नाही."

आत सूनबाईचे हात पाण्यातच थांबले.

या घरात 'बंद' हा शब्द कुणी दुकानाला लावत नसे. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि दुकान संध्याकाळी कुलूप लावताना वाढवायचं, कायमचं उठवतानाही वाढवायचंच. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती "दुकान बंद करू का?" म्हणाली होती, तर सासूबाईंनी जीभ चावून दाखवली होती, स्वतःची. त्यामुळे मास्तर काय म्हणाले ते तिला लख्ख कळलं. हंगाम संपला की दुकान कायमचं उठणार. आणि ही बातमी तिला टपातल्या पाण्यात हात घालून, दाराआडून, परक्या मुलीच्या निमित्ताने कळत होती.

हा धक्काच एवढा होता, की त्या मुलीला 'वाढवणार' म्हणजे काय कळलं असेल हा विचार तिच्या मनात डोकावलासुद्धा नाही.

मुलगी पुढच्या दारात गेली. शेजारी नाटकांचे कपडे शिवणारी बाई होती. तोंडात कायम टाचण्या धरून बोलायची, म्हणून सगळे तिला टाचणीताई म्हणत. टाचण्या काढून बोलली की जास्त टोचायचं.

"आम्हाला कशाला हो वाढ?" टाचणीताईचा आवाज भिंतीतून आला. "एवढ्याशा खोलीत छान भागतं आमचं. कुणाचं घेणं नाही, देणं नाही."

चार शहाण्या बायका असंच म्हणतात. मागितलं तर हावरट दिसतं.

सूनबाईने कामात डोकं घातलं. एका म्हाताऱ्या राणीचा पांढरा टोप चालू होता. कपाळाच्या कडेला एकेक केस जाळीत ओवून गाठ मारायची, म्हणजे तो डोक्यातूनच उगवल्यासारखा दिसतो. पूर्वी ही कड मास्तर करायचे. आता त्यांचा हात थरथरायचा, केस ओवायची आकडी जाळीच्या घरात जायच्या ऐवजी बोटात जायची. दोन वर्षं झाली, सगळ्या कडा तीच करत होती. दाद मात्र अजून मास्तरांना मिळायची, आणि ते ती घ्यायचे.

पुढे एके दिवशी नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर गल्लीचा आराखडा लागला. टाचणीताई तो बघून आली ती तडक टोपांच्या दुकानात शिरली. तोंडात एकही टाचणी नव्हती.

"माझ्या खोलीवर डोळा होता तर तोंडावर बोलायचं होतं ना!"

"काय झालं, ताई?"

"काय झालं? तिथे तुमचं दुकान केवढं थोरलं काढलंय, आणि माझी खोली तुमच्या पोटात! मी कुठेय? मी नाहीच! एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून बसलो आपण. तुझ्या पोराच्या बारशाचं अंगडं मी शिवलं होतं गं!"

सूनबाई टोप चढवलेलं लाकडी डोकं तसंच टाकून धावली. आराखड्यात खरंच तसं होतं. टोपांचं दुकान नारिंगी रंगात ऐसपैस पसरलेलं, काचेचा दर्शनी भाग, आत काम बघायला उभी राहिलेली छोटी छोटी माणसं. त्यातलं एक माणूस टाचणीताईच्या शिलाई मशीनच्या जागेवर उभं होतं. आणि नारिंगीवर शब्द होता: 'विस्तार'.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. परत येऊन ती म्हणाली, "ताई, गैरसमज झालाय. मास्तर वाढवणार म्हणाले ते, ते वाढवणार नव्हे."

"मग?"

"म्हणजे वाढवणारच. पण तसं नाही. वाढवणार म्हणजे... वाढवणार."

टाचणीताई तिच्याकडे बघत राहिली. मग तिलाही कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग जागच्या जागी अवघडून उभा राहिला. "अगं बाई. मग जा की. सांग जाऊन त्या मुलीला, की बंद करतायत म्हणून."

बोलायला सोपं होतं. सांगितलं, की टाचणीताईची खोली वाचणार आणि हे दुकान जाणार. तेही सूनबाईच्याच तोंडून. नाही सांगितलं, तर पहिल्यांदाच हातपाय पसरायला जागा, काचेचा दर्शनी भाग आणि आत आपण. फक्त ज्या जागी बसायचं ती मैत्रिणीची.

संध्याकाळी तिने मास्तरांना गाठलं.

"त्या मुलीचा गैरसमज झालाय. तुम्ही जाऊन खरं सांगा."

"मी काय खोटं बोललो?"

"ती जुनं बोलणं समजत नाही. सरळ शब्दात सांगावं लागेल."

"तो शब्द मी या दुकानाला लावणार नाही." मास्तर मिशीचा एक तुकडा उगाच विंचरत होते. "तुला सांगायचं तर तू सांग."

"मला तुम्ही कुठे सांगितलंत? मी दाराआडून ऐकलं."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं."

नवरा दूरगावी गाड्या चालवत होता. टोप आणि टोपली यातला फरकही त्याला कुणाला तरी विचारून सांगावा लागला असता.

"गाठी मी मारते, मास्तर. तो नाही."

मास्तरांनी मान वर केली नाही. "कड चांगली येते तुझी," एवढंच म्हणाले. आजवर म्हणाले नव्हते. नेमकं आत्ता म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आणि टाचणीताई योजना कार्यालयात गेल्या. मुलीच्या टेबलावर गल्लीची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, काडेपेटीएवढी घरं, स्पंजची झाडं. गल्लीत झाड एकही नव्हतं.

सूनबाईने सगळं सांगितलं. मुलीने दोन्ही हात गालांवर ठेवले. "अय्या! वाढवणं म्हणजे बंद करणं? मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे शटर डाऊन म्हणतात." मग सावरून म्हणाली, "म्हणजे तुमची खोली आता रिकामी होणार."

"नाही. मास्तर काम सोडतायत. मी चालवणार आहे."

हे वाक्य आपण बोललो हे तिला ऐकल्यावर कळलं. टाचणीताईने चमकून पाहिलं.

"मग विस्तार हवाय तुम्हाला?"

"नकोय. आहे तेवढंच. माझं मला, हिचं हिला."

मुलगी केविलवाणी झाली. "ताई, 'आहे तेवढंच' असं आराखड्यात नसतं. वाढ होणारं दुकान धरतात, नाहीतर जागा रिकामी धरतात. मी वर विचारीन, पण वरचे हेच म्हणतील. सगळी योजनाच वाढीची आहे ना."

"आणि न वाढता वर्षानुवर्षं चाललं त्याचं काय?" टाचणीताई कडाडली.

"ते... ते धरलेलं नाहीये."

सूनबाईने प्रतिकृतीतली आपल्या दुकानाची काडेपेटी आणि शेजारची काडेपेटी बोटाने एकमेकींना चिकटवल्या. "आम्ही दोघी मिळून एकच दुकान म्हटलं तर? कपडे आणि टोप. मग वाढ झाली ना?"

मुलीचा चेहरा उजळला. "हो! चालेल की! फक्त दुकान एका नावावर लागेल."

"नाव कुणाचं?" टाचणीताईने लगेच विचारलं.

सूनबाईला तिचा राग आला नाही. तिनेही हेच विचारलं असतं. पण एक गोष्ट तिला साफ दिसत होती. तिने स्वतःचं नाव पुढे केलं, तर टाचणीताई उठून जाणार, आणि मग दोघींच्याही खोल्या रिकाम्या. शिवाय गल्लीत म्हणणार, बघा, शेवटी गिळलीच.

"तुझं घाल," ती म्हणाली.

टाचणीताईला हे अपेक्षित नव्हतं. "बघ हं. मागून म्हणू नको." मग मुलीने दाखवलं तिथे तिने सही केली. सूनबाईकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "हं" केलं नाही.

"म्हणजे दुकान राहिलं."

"राहिलं."

"आणि पाटी?"

"तिची."

"आणि तू कोण तिथे?"

याचं उत्तर तिने वाटभर शोधलं होतं. "कडा मीच करणार," ती म्हणाली. ते उत्तर नव्हतं, हे दोघांनाही कळलं. मास्तर उठले, हात धुतले आणि झोपायला गेले. सकाळी दुकानात आले नाहीत. जाताना तिने चहाचा कप त्यांच्या उशाशी ठेवला. त्यांनी कूस बदलली.

तिने एकटीने दार उघडलं. राणीचा टोप परवा न्यायला येणार होते, कपाळाची डावी बाजू अजून बाकी होती. ती आकडी घेऊन बसते न बसते तोच टाचणीताई आत आली. आजवर दारात उभी राहून "येऊ का गं?" विचारायची, आज विचारलं नाही. दुष्टाव्याने नव्हे, तिच्या लक्षातच आलं नसावं. फळीवरची दोन लाकडी डोकी उचलून तिने खाली ठेवली, एकाचं तोंड भिंतीकडे झालं.

"इथे मशीन बसेल माझं," ती म्हणाली. टाचण्या तोंडात होत्या, त्यामुळे शब्द मऊ येत होते. "उजेड चांगलाय इकडे. तू आत बसशील ना? तुझं काय, बारीक काम, दिवा लावून पण होतं."

बारीक कामालाच उजेड लागतो, हे सूनबाईच्या अगदी ओठांवर आलं. दोन वर्षं ती या खिडकीशी बसून कडा करत होती.

टाचणीताईने गळ्यातली टेप काढली आणि एक टोक पुढे केलं. "धर गं जरा."

सूनबाईने आकडी टोपात तशीच अडकवून ठेवली, उठली, आणि टोक धरलं. टाचणीताई टेप सोडत मागे मागे गेली, भिंतीपर्यंत.

"सैल सोडू नको," ती तिकडून म्हणाली. "ताण."