काही आढळले नाही

"बाबा, देअर्स नथिंग हिअर," दहा वर्षांची अवनी तारेच्या कुंपणापाशी उभी राहून म्हणाली. "लेट्स गो."

"थांब गं जरा. ऊन तापू दे. त्यांना आपल्यासारखी घाई नसते," दत्तप्रसाद म्हणाला, आणि आपलंच बोलणं त्याला बोचलं.

परवाचं भारतात परतायचं विमान होतं. २००८ सरता सरता मंदी आली, चार महिन्यांत कंपनीने गाशा गुंडाळला आणि व्हिसा रद्द झाला. घरी बायको, प्रमिला, एकटी बॅगा भरत होती, आणि हा पठ्ठ्या लेकीला घेऊन अबुधाबीपासून पाऊण तासावरच्या वाळवंटात सरडे दाखवायला आला होता. बांधकामाआधी जागेवर कोणते प्राणी राहतात ते पाहून रिपोर्ट लिहायचा, ही त्याची नोकरी; पण जीव जडला होता तो या बोटभर सरड्यांवर. अवनीला लहानपणापासून गोष्टी त्यांच्याच. शेपटीचं काळं टोक वळवून ते शेजाऱ्याला कसे दटावतात, वाळू पोळायला लागली की टाचांवर कसे उभे राहतात, आणि भ्यायले की अंग थरथरवून जागच्या जागी वाळूत कसे बुडून जातात. एकदा तरी दाखवीन, असं त्याने तिला कबूल केलं होतं.

ही जागा त्याने गेल्या वर्षी जानेवारीत पाहिली होती. पहाटे आला तेव्हा दाट धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी. अशा हवेत सरडे वाळूखालून डोकं वर काढत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने साहेबांना, सतीशना, फोन लावला.

"सर, दहापर्यंत थांबतो. आत्ता सगळे वाळूखाली असतील."

"दत्ता, क्लायंटला बाराच्या आत रिपोर्ट हवाय. तुला दिसलं का काही?"

"नाही, पण..."

"मग तेच लिही ना. खोटं कुठे आहे त्यात? यल्ला, निघ."

खोटं खरंच नव्हतं. 'काही आढळले नाही' असं लिहून त्याने सही ठोकली. एक जरी सरडा दिसला असता, तरी आधी सगळे पकडून दुसरीकडे सोडावे लागले असते. महिनाभराचं काम. त्याऐवजी आठवड्याभरात रोलर फिरले. मग मंदीने कामच थांबलं आणि बारा टॉवरांपैकी एकाचीही वीट चढली नाही. इथे माणसं राहायला आली असती, तर निदान तेवढं तरी समाधान मानता आलं असतं. आता एकच आशा होती, की सरडे आपले आपण परतले असतील.

"बाबा! लुक!"

होता! एकच होता, पण होता. शेपटीचं काळं टोकसुद्धा. अवनी पुढे सरकताच त्याने अंग जमिनीला चिकटवलं आणि तो थरथरू लागला. नुसताच थरथरत राहिला. वाळूचा कणही हलेना.

"व्हाय इज इट शेकिंग? इज इट सिक?"

"आजारी नाहीये तो. जमीन दाबून कडक केलीय. त्याला आत जाता येत नाहीये."

"हू डिड दॅट?"

क्लायंटचं नाव घेता आलं असतं. सतीशचंही.

"मी सही केली होती," तो म्हणाला. "इथे कुणी आढळलं नाही, असं मी लिहून दिलं होतं."

"बट यू न्यू."

"हो गं. माहीत होतं."

अवनी गाडीत जाऊन बसली आणि तिने दार लावून घेतलं. तिच्यासमोर इतकी शरम त्याला कधीच वाटली नव्हती.

कुंपणाच्या कडेला वाऱ्याने आणलेली मऊ वाळू साचली होती. ती ओंजळीत भरून तो परत आला, तोवर सरडा कुठेतरी पळून गेला होता. तरीही दत्तप्रसादने ती तिथेच ओतली, आणि दुसरी ओंजळ आणायला तो कुंपणाकडे वळला.